दहा कोटी सिमकार्डं आणि संपलेले पत्ते : जिओच्या आयपीव्ही६ चं प्रकरण

आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याची नवी पद्धत. ती आपल्याकडे कशी आली याची सरकारी कहाणी जुलै २०१० पासून सुरू होते. त्या महिन्यात दूरसंचार विभागाने राष्ट्रीय आराखडा काढला. मार्च २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. मुदती ठरल्या, उलटल्या, परत ठरल्या. एवढं होऊनही २०१६ उजाडलं तेव्हा आयपीव्ही६ प्रत्यक्ष वापरणारे भारतीय नगण्यच होते. मग ५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि किती टक्के लोक आयपीव्ही६ वापरू शकतात याच्या एपीनिकच्या मोजणीत इतकी वर्षं जमिनीला चिकटून असलेली भारताची रेघ एकदम वर उठली. एपीनिक म्हणजे आशिया-पॅसिफिक भागात आयपी पत्ते वाटणारी ब्रिस्बेनची संस्था. तिच्या मोजणीत आज भारत सत्तर टक्क्यांच्या वर आहे आणि एकट्या जिओचं नेटवर्क नव्वदच्या वर.

या प्रकरणाचा सर्रास सांगितला जाणारा अर्थ असा : जुने पत्ते संपले, नवे विकत घेणं महाग पडत होतं, म्हणून जिओ आयपीव्ही६ वर गेली. मला तो पटत नाही. पत्ते संपले होते हे खरं, पण जिओपुढची खरी अडचण पत्त्यांच्या किमतीत नव्हती.

पत्ते कसे संपले

जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. १९८१ मध्ये हा आराखडा पक्का झाला तेव्हा इंटरनेट म्हणजे अमेरिकेतली काही विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि लष्कर. त्यामुळे सुरुवातीची वाटणी सढळ हाताने झाली. एमआयटी या एका विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा आख्खा गठ्ठा होता. तेवढाच गठ्ठा अ‍ॅपलकडे आजही आहे. सव्वाशे कोटींहून जास्त लोकांच्या भारताच्या वाट्याला मिळून साधारण चार कोटी पत्ते आले. अमेरिकेकडे दीडशे कोटींहून जास्त आहेत.

३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना एकेक करून देण्यात आले. त्यानंतर सर्वांत आधी तळ गाठला तो आपल्याच भागाने. १५ एप्रिल २०११ ला एपीनिकने सांगितलं की आता शेवटचा गठ्ठा उरला आहे आणि यापुढे एका सदस्याला त्यातून फार तर १,०२४ पत्ते मिळतील. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली. हा शेवटचा गठ्ठा १०३ ने सुरू होणारा. तालुक्याच्या गावी केबलवाल्याचं ब्रॉडबँड असेल तर आपला बाहेरचा आयपी पत्ता एकदा तपासून पाहा, बहुधा १०३ नेच सुरू होईल. उशिरा पंगतीला बसलेल्यांची ती खूण आहे.

आता जिओच्या तारखा यांच्या शेजारी ठेवू. ११ जून २०१० ला ब्रॉडबँड वायरलेस स्पेक्ट्रमचा लिलाव संपला. इन्फोटेल ब्रॉडबँड या फारशी कुणाला माहीत नसलेल्या कंपनीने देशातली सगळी २२ सर्कल, म्हणजे दूरसंचार सेवेचे विभाग, जिंकली आणि त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने ४,८०० कोटी रुपयांना तिचा ९५ टक्के हिस्सा घेतल्याचं जाहीर केलं. हीच पुढची जिओ. म्हणजे देशभर पसरायचं ठरवून कंपनी हातात घेतली आणि वर्षही पूर्ण व्हायच्या आत पत्त्यांचं दुकान बंद झालं. सेवा सुरू व्हायला त्यानंतरही पाच वर्षं गेली. या रिकाम्या वर्षांचा जिओला सर्वांत मोठा फायदा झाला असं माझं मत आहे, कारण नेटवर्कचा कागदावरचा नकाशा काढतानाच टंचाई ही धरून चालायची गोष्ट झाली होती.

किमतीचा हिशेब

पत्ते विकत मिळत होते. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले, म्हणजे एक पत्ता सव्वाअकरा डॉलरला. हाच भाव धरून चालू.

मोबाइल कंपनी प्रत्येक ग्राहकाला जगभर चालणारा आयपीव्ही४ पत्ता देतच नाही. ती आत खासगी पत्ते देते आणि बाहेर जाताना बऱ्याच ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरते. हे काम करणाऱ्या यंत्रणेला सीजीनॅट म्हणतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट, म्हणजे वेगवेगळ्या जोडण्या ओळखायचे क्रमांक, असतात. प्रत्येक ग्राहकाला हजारेक पोर्ट दिले तर एका पत्त्यावर साठ-पासष्ट ग्राहक बसतात. जिओने फेब्रुवारी २०१७ मध्ये, सेवा सुरू झाल्यापासून १७० दिवसांत, दहा कोटी ग्राहक झाल्याचं जाहीर केलं. हे दहा कोटी एकाच वेळी ऑनलाइन आहेत असं धरलं तरी सार्वजनिक पत्ते लागतात सोळा लाखांच्या आत. नॉर्टेलच्या भावाने त्यांची किंमत त्या वेळच्या रुपयात सव्वाशे कोटींच्या घरात जाते.

जिओवरची गुंतवणूक दीड लाख कोटी रुपयांची असल्याचं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. त्यापुढे सव्वाशे कोटी म्हणजे किरकोळ खर्च. शिवाय जिओकडे आयपीव्ही४ चे पत्ते नव्हतेच असंही नाही, आजही आहेत. तेव्हा पैसे वाचवायला हे सगळं केलं, ही गोष्ट हिशेबात बसत नाही.

बसत नव्हते ते आतले, फुकटचे पत्ते.

खासगी वापरासाठी राखून ठेवलेला सर्वांत मोठा गट म्हणजे १० ने सुरू होणारे पत्ते. ते १ कोटी ६७ लाख. इतर खासगी गट मिळवले तरी बेरीज १ कोटी ७९ लाखांपुढे जात नाही. २०१२ मध्ये खास सीजीनॅटसाठी आणखी एक गट राखला गेला, तो ४२ लाखांचा. दहा कोटी ग्राहकांसमोर हे सगळं फारच तोकडं पडतं. मग एकच मार्ग उरतो. देशाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात तेच पत्ते पुन्हा वाटायचे. मुंबई सर्कलमधल्या एका फोनला जो पत्ता, तोच महाराष्ट्र-गोवा सर्कलमधल्या दुसऱ्या फोनला. इंटरनेटपुरतं हे चालून जातं, कारण बाहेर पडताना पत्ता बदलायचाच असतो. पण या दोन फोनना एकमेकांशीच बोलायचं असेल तर?

इथे जिओची खासियत आड येते. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया यांच्याकडे टूजी-थ्रीजी होतं. त्यावरच्या साध्या कॉलला आयपी पत्ता लागत नाही, तो जुन्या टेलिफोनी पद्धतीने जोडला जातो. जिओकडे तेव्हा फक्त फोरजी. प्रत्येक कॉल व्होएलटीई, म्हणजे प्रत्येक कॉल डेटाच्या पाकिटांतून. त्यासाठी फोन चालू झाल्याबरोबर दोन जोडण्या उघडतो, एक इंटरनेटची आणि एक आवाजाच्या यंत्रणेची, जिला आयएमएस म्हणतात. दुसरी जोडणी फोन खिशात पडून असतानाही जिवंत ठेवावी लागते, नाहीतर येणारा कॉल पोचणार कसा? म्हणजे ग्राहक दहा कोटी, पण पत्ते लागणार वीस कोटी, त्यातले निम्मे चोवीस तास. शिवाय रत्नागिरीच्या फोनने गुवाहाटीच्या फोनला आवाज पाठवायचा आणि दोघांचा खासगी पत्ता एकच निघाला तर मधे ठिकठिकाणी पत्ते बदलणारी यंत्रं बसवावी लागणार. आवाजाच्या बाबतीत हा उद्योग कुणी शहाणा अभियंता आपणहून अंगावर घेणार नाही.

म्हणून आवाजाची बाजू आयपीव्ही६ वर गेली. इंटरनेटच्या बाजूला सुरुवातीला दोन्ही दिले गेले, खरा आयपीव्ही६ आणि त्याच्या जोडीला खासगी आयपीव्ही४. याला ड्युअल स्टॅक म्हणतात. फोरजीच्या मानकातच एका जोडणीवर दोन्ही देण्याची सोय होती, त्यामुळे वेगळं काही शोधून काढावं लागलं नाही.

जिओच्या नावावरचा एक आयपीव्ही६ गठ्ठा २४०९:४०००::/२२ असा आहे (तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका लहान, तितका गठ्ठा मोठा). मोबाइल नेटवर्क एका जोडणीला एक पत्ता न देता एक आख्खा /६४ गट देतं. या एका गठ्ठ्यात असे सुमारे ४.४ लाख कोटी गट बसतात. वर एक कोटी सदुसष्ट लाखांत मांडामांड चालली होती, ती इथे संपते.

फोनच्या आत काय घडतं

जिओचं सिम असलेल्या फोनवर वायफाय बंद करून सेटिंग्जमध्ये फोनची माहिती उघडली की आयपी पत्ता दिसतो. लांबलचक पत्ता २४०९:४० ने सुरू होत असेल तर तो वरच्या गठ्ठ्यातला. आता यूट्यूब उघडलं की फोन डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला, दोन प्रश्न विचारतो : या नावाचा आयपीव्ही४ पत्ता काय आणि आयपीव्ही६ पत्ता काय? दोन्ही उत्तरं आली तर फोन आधी आयपीव्ही६ ने जोडून पाहतो. तिथून काही क्षणांत प्रतिसाद आला नाही तर आयपीव्ही४ चा रस्ता धरतो. वापरणाऱ्याला यातलं काही कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच ही शर्यत आखलेली आहे. २०११-१२ पर्यंत असं नव्हतं. तेव्हा आयपीव्ही६ चा रस्ता मधेच तुटलेला असला की पान वीस-वीस सेकंद फिरत राहायचं, आणि त्या धास्तीने मोठमोठ्या साइट आयपीव्ही६ ला हात लावत नव्हत्या. ६ जून २०१२ ला गूगल, फेसबुक, याहू वगैरेंनी मिळून ते कायमचं चालू केलं.

जिओच्या दृष्टीने हे वेळापत्रक मोलाचं ठरलं. सुरुवातीचे महिने डेटा फुकट होता, आधी ३१ डिसेंबरपर्यंत आणि मग वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत. फुकट डेटावर माणसं काय करणार? व्हिडिओ बघणार. तो व्हिडिओ यूट्यूब आणि फेसबुकवरचा, आणि या दोघांचं सगळं आयपीव्ही६ वर उपलब्ध. म्हणजे रहदारीतला सर्वांत जड भाग सीजीनॅटला स्पर्श न करता थेट निघून गेला. सीजीनॅटच्या पेट्या महाग असतात, त्यांची किंमत त्या किती जोडण्या एका वेळी लक्षात ठेवतात यावर ठरते, आणि ग्राहक वाढले की त्या वाढवाव्याच लागतात. २०१६ ऐवजी २०१० मध्ये हेच नेटवर्क सुरू झालं असतं तर फोनला आयपीव्ही६ देऊनही फार काही हाती लागलं नसतं, कारण पलीकडे बोलायला कुणी नव्हतं.

आणखी एक योगायोग. १ जून २०१६ पासून अ‍ॅपलने आयफोनच्या प्रत्येक अ‍ॅपला फक्त आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर चालण्याची अट घातली. अ‍ॅपवाले कुरकुरले, पण कामाला लागले.

पोलिसांचं पत्र

या प्रकरणाचा एक भाग तांत्रिक लेखांत सहसा येत नाही. भारतात दूरसंचार परवाना घेणाऱ्याला ग्राहकांच्या जोडण्यांची नोंद ठेवावी लागते. आधी ती किमान वर्षभर ठेवायची होती, डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षं. सीजीनॅट असेल तर अमुक वेळी अमुक सार्वजनिक पत्त्यावरचा अमुक पोर्ट कोणत्या ग्राहकाकडे होता, हेही सांगता यायला हवं.

समजा एक फोन दिवसाला हजार जोडण्या उघडतो. पार्श्वभूमीला चालणाऱ्या अ‍ॅपची संख्या पाहता हे अंदाजाने धरलेलं असलं तरी अवाजवी नाही. दहा कोटी फोनच्या दिवसाला दहा हजार कोटी नोंदी झाल्या. एक नोंद शंभर बाइटची धरली तर रोजचे दहा टेराबाइट, वर्षाचे साडेतीन हजारांच्या वर. पोर्टचे ठोकळे बांधून दिले तर नोंदी खूप कमी होतात, पण त्यासाठी पत्ते जास्त लागतात. एकीकडे वाचवलं की दुसरीकडे खर्च.

एवढं करूनही पोलिसांचं पत्र येतं तेव्हा त्यात फक्त आयपी पत्ता आणि वेळ असते, कारण ज्या वेबसाइटवर गुन्हा घडला तिने पोर्ट नोंदवलेलाच नसतो. मग एका पत्त्यामागचे साठ जण संशयित. वेळ मिनिटात दिली असेल, सेकंदात नसेल, तर आणखी जास्त. बेल्जियमने या दुखण्यावर २०१२ मध्ये सरळ उपाय केला. तिथल्या कंपन्यांनी पोलिसांशी ठरवून घेतलं की एका आयपीव्ही४ पत्त्यामागे सोळाहून जास्त ग्राहक बसवायचे नाहीत. पत्ते पुरेनात, तेव्हा कंपन्या भराभर आयपीव्ही६ कडे वळल्या, आणि बेल्जियम बरीच वर्षं जगाच्या यादीत अव्वल राहिला. आपल्या दोन्ही आराखड्यांत मुदती भरपूर होत्या, पण कंपनीला आजच्या आज चटका बसेल असं त्यात काही नव्हतं. जिओला चटका बसला तो स्वतःच्या आकाराचा.

आयपीव्ही६ मध्ये ही नोंद एका ओळीची होते. या वेळेपासून त्या वेळेपर्यंत हा गट या सिमकडे होता, बस.

जुन्या कंपन्यांना का जमलं नाही

एअरटेल किंवा व्होडाफोनमध्ये जाणकारांची वानवा होती असं कुणी म्हणू नये. त्यांच्याकडे चालू असलेलं, पैसे कमावणारं नेटवर्क होतं. टूजीच्या काळातले गेटवे, बिल काढणारी प्रणाली, रिचार्ज संपला की डेटा बंद करणारी यंत्रणा, कायदेशीर टेहळणीची उपकरणं, तक्रार निवारणाचा पडदा, या प्रत्येक ठिकाणी आयपी पत्त्यासाठी चार बाइटची जागा आखलेली. त्यातलं एक जरी अडलं तरी ग्राहकाचं बिल चुकणार. बदल शक्य होता, पण तो करून महसुलात एक रुपयाची भर पडणार नव्हती, आणि असा प्रस्ताव कोणत्याही कंपनीत वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत दम टाकतो. जिओने हेच सगळं एकदम नवं विकत घेतलं. खरेदीच्या अटींतच आयपीव्ही६ घालून मोकळं होता आलं.

या दोन कंपन्याही पुढे आयपीव्ही६ वर आल्या, आणि त्यांचा मार्गही आवाजाशी जोडलेला आहे. एअरटेलने सप्टेंबर २०१७ मध्ये व्होएलटीई सुरू केलं, पहिलं मुंबईत. आवाज पाकिटांवर आला की जिओचं गणित सगळ्यांनाच लागू होतं.

जिओचं सगळं सुरळीत झालं असंही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ‘जिओचा स्पीड वाढवा’ छापाचे व्हिडिओ ढिगाने फिरत होते. त्यातला हमखास उपाय म्हणजे एपीएनच्या, म्हणजे मोबाइल डेटाच्या जोडणीच्या, सेटिंगमध्ये जाऊन ‘जिओनेट’ खाली प्रोटोकॉल बदलून फक्त आयपीव्ही४ करणे. स्पीड वाढायचं काही कारण नव्हतं. टॉवरवरची गर्दी पत्त्याच्या प्रकाराने कमी होत नाही. उलट तेवढी माणसं आपण होऊन सीजीनॅटच्या गर्दीत जाऊन बसत होती.

खरी डोकेदुखी वेगळी होती. काही अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा आयपीव्ही४ पत्ताच कोडमध्ये लिहून ठेवलेला असतो. अशा अ‍ॅपसाठी फोनमध्ये आयपीव्ही४ चं निदान सोंग तरी आणावं लागतं. अँड्रॉइडमध्ये ती सोय २०१३ पासून आहे. फोन आतल्या आत १९२.०.०.४ असा एक नाममात्र पत्ता तयार करतो, अ‍ॅपने पाठवलेलं पाकीट आयपीव्ही६ मध्ये रूपांतरित करतो आणि नेटवर्कच्या टोकाला ते परत आयपीव्ही४ होऊन बाहेर पडतं. ही पद्धत वापरली की आतला खासगी आयपीव्ही४ पूर्ण काढून टाकता येतो. अमेरिकेत टी-मोबाइलने हे आधी करून दाखवलं होतं. जिओच्या अभियंत्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या बैठकीत फक्त आयपीव्ही६ वर जाताना येणाऱ्या अडचणी मांडल्या होत्या, त्या याच टप्प्याच्या.

जिथे हे उदाहरण चालत नाही

परिषदांमध्ये जिओचा आलेख दाखवून ‘भारताने करून दाखवलं’ असं म्हटलं जातं, तेव्हा मला तो आलेख मोबाइलचा आहे असं ओरडून सांगावंसं वाटतं. गूगलच्या जागतिक मोजणीत एक मजेदार गोष्ट दिसते. आयपीव्ही६ चा टक्का शनिवार-रविवारी वर जातो आणि सोमवारी खाली येतो. कारण सोमवारी माणसं ऑफिसात जातात. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये दोन-अडीचशे संगणक असतात, ते १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांत आरामात बसतात, बाहेर एक पत्ता पुरतो. त्यांना टंचाई जाणवतच नाही. फायरवॉलचे, म्हणजे नको ती रहदारी अडवणाऱ्या यंत्रणेचे, नियम दुप्पट लिहायचे, ऑडिटवाल्याला दोनदा समजावायचं, ते कशासाठी?

दुसऱ्या टोकाला तालुक्याचा ब्रॉडबँडवाला. त्याच्याकडे ५१२ किंवा १,०२४ पत्ते आणि जोडण्या काही हजार. टंचाई त्याला पुरेपूर कळते, पण त्याच्याकडे कोरी पाटी नाही आणि जिओइतका पैसाही नाही. भारतात पत्ते वाटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून, म्हणजे इरिनकडून, आयपीव्ही६ चा गठ्ठा मिळायला अडचण येत नाही. अडचण घराघरात बसवलेल्या स्वस्त ओएनटीमध्ये, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या डबीमध्ये, आहे. त्यातल्या काहींना आयपीव्ही६ येत नाही, काहींना येतं पण बंद करून ठेवलेलं असतं. ग्राहकाने ‘अमुक साइट उघडत नाही’ म्हणून फोन केला की लाइनमन आधी आयपीव्ही६ बंद करून बघतो, आणि मग ते परत चालू करायला कुणी जात नाही.

त्याच ग्राहकाचं दुकान असेल तर प्रश्न सीसीटीव्हीचा येतो. दुकानदाराला घरून मोबाइलवर दृश्य दिसायला हवं असतं, त्यासाठी तो डीव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीला, पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, मागतो. सीजीनॅटच्या मागे ते होत नाही. मग एकतर महिन्याला जास्त पैसे देऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, घ्यायचा, नाहीतर डीव्हीआरच्या कंपनीच्या क्लाउडमधून बघायचं. आयपीव्ही६ असतं तर डीव्हीआरला स्वतःचा थेट पत्ता मिळाला असता. पण डीव्हीआरच्या अ‍ॅपला तो टाकता यायला हवा, आणि राऊटरची फायरवॉल नीट बसवलेली हवी, नाहीतर दुकानाचा गल्ला जगाला दिसायचा.

दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्याने मुदत दिली : ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी तारेची घरगुती जोडणी आयपीव्ही६ ची हवी. नव्या जोडणीला हे लागू होतं. आधीच भिंतीवर ठोकलेल्या ओएनटी बदलायच्या तर त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर छोट्या ब्रॉडबँडवाल्याची गाडी अडते. दरम्यान तो आयपीव्ही४ चे आणखी पत्ते भाड्याने घेतो. अमेझॉनच्या क्लाउडनेही १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावायला सुरुवात केली, तेव्हापासून सर्व्हर चालवणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या बिलातही ही ओळ दिसू लागली आहे. वर्षाला एका पत्त्याचे साधारण ४४ डॉलर होतात. मायक्रोसॉफ्टने नॉर्टेलचे पत्ते कायमचे घेतले होते ते त्याच्या चौथाई भावात.